जॉब: आईचा फोन, २८ सप्टेंबरपासूनच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२५, रविवार, रात्री साडेअकरा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं शॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग, तिथं प्रत्येक जॉबची डायरी लिहायची सवय वडिलांपासनं लागलीय. काय आलं, कधी आलं, कुठं अडलं. म्हणून हे पण तसंच लिहून ठेवतोय. जॉब: आईचा फोन. डिलिव्हरी तारीख: माहीत नाही.

नवरात्रातला रविवार, अंबाबाईला मुंगी शिरणार नाही एवढी गर्दी. आई आणि मावशी दर्शन करून केएमटीत चढल्या, बसायला जागा नाही, दोघी उभ्या. आईनं बसमध्ये फोन काढून बचत गटाच्या बायकांचा मेसेज बघितला, परत कापडी पर्समध्ये टाकला, पर्स पिशवीत. आमच्या स्टॉपला उतरली तर पर्सची चेन उघडी, पैसे आहेत तसे, देवीचा कुंकवाचा पुडा आहे तसा, फोन नाही. मावशीच्या फोनवरनं लावला, दोनदा रिंग गेली, तिसऱ्यांदा स्विच ऑफ. संपलं.

मी घरी पोचलो साडेसातला. आधी सिम बंद केलं, कंपनीच्या हेल्पलाइनला १८ मिनिटं गाणी ऐकून. मग बँकेला फोन करून यूपीआय आणि मोबाईल बँकिंग दोन्ही थांबवलं. आई म्हणत्या पिन तर माझ्या डोक्यात आहे की, कशाला एवढा घोळ. म्हटलं पिन डोक्यात आहे पण ओटीपी त्या सिमवर येतो ना.

मग गुगलचं फाइंड हब, हरवलेला फोन नकाशावर ठिपक्यानं दाखवतं ते, आधी ज्याला फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे ते. नशीब एवढंच की आईचं जीमेल माझ्या लॅपटॉपवर आधीपासनं चालू होतं. नाहीतर नवीन ठिकाणी लॉगिन करायला गेलं की गुगल विचारणार तुम्हीच आहात का, आणि ते विचारणार कुठं, तर चोरलेल्याच फोनवर. शेवटचं ठिकाण दाखवलं ६ वाजून ५२ मिनिटांनी, कावळा नाक्याच्या आसपास. लॉक मारला, स्क्रीनवर माझा नंबर येईल असं केलं. इरेजचं बटण समोर होतं, दाबलं नाही, कारण डाटा पुसला की ठिपका पण गेला.

आईचा पॅटर्न लॉक इंग्रजी एल आकाराचा आहे. हे आज कळलं. बसमध्ये मागं उभा राहिलेला कुणीपण बघू शकतो असा.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी ठाण्यात. ठाण्याचं नाव लिहीत नाही, उगाच कशाला. नवरात्राचा बंदोबस्त चाललेला, निम्मा स्टाफ रस्त्यावर आणि उरलेल्यांच्या डोळ्यांवर झोप. ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, बसमध्ये गेला म्हणजे नक्की कुठं गेला? म्हटलं ते कळलं असतं तर तिथंच धरला नसता का. ते म्हणाले बस तीन ठाण्यांच्या हद्दीतनं जाते, आमची हद्द कशावरनं?

मग दुसरे हवालदार, वयानं मोठे, समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, गहाळ म्हणून द्या. आत्ता पाच मिनिटांत दाखला मिळतो, सिम मिळतं, सगळं होतं. चोरी लिहिलं की पंचनामा, जबाब, तुमच्या आईंना परत परत यायला लागंल." आई माझ्याकडं बघायला लागली. तिला घरी जायचं होतं, घटाला माळ घालायची राहिली होती. म्हटलं करा गहाळ.

दाखला हातात घेतल्यावर वाचलं, त्यात लिहिलंय प्रवासात कुठंतरी पडून गहाळ झाला. आई बाहेर आल्यावर एकच बोलली, "मी पाडला नाही."

संध्याकाळी: आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, शोधणे. फोन हातात असता तर स्टार हॅश झिरो सिक्स हॅश दाबून दोन सेकंदात आला असता. गुगलच्या खात्यात एक दिसला, पण फोन दोन सिमचा म्हणजे नंबर पण दोन, आणि ब्लॉक करायचे तर दोन्ही करायला पाहिजेत. बिल ऑगस्ट २०२३ चं, थर्मल कागदावरचं, पूर्ण पांढरं झालंय, देवाला वाहिल्यासारखं. बॉक्स सापडला, त्यात आईनं शिलाई मशीनच्या बॉबिनी ठेवल्यात आणि स्टिकरवर मशीनच्या तेलाचा डाग. दुसऱ्या आयएमईआयमधला एक आकडा ३ आहे का ८ ते कळेना.

इथं जरा मजा आली. आयएमईआय १५ आकडी असतो, पहिले ८ आकडे फोनच्या मॉडेलचे, पुढचे ६ त्या एका नगाचे, आणि शेवटचा आकडा हा आधीच्या चौदांवरनं हिशोबानं काढलेला असतो, तपासणीसाठी. शेवटचा सोडायचा, त्याच्या आधीच्यापासनं डावीकडं जात एकाआड एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट दोन आकडी आली तर तिचे दोन आकडे मिळवायचे, बाकीचे आकडे आहेत तसे, आणि सगळ्याची बेरीज दहाच्या पटीत यायला पाहिजे. ३ धरून बेरीज आली ६१. ८ धरून ६२. दोन्ही चुकीच्या. म्हणजे माझाच काहीतरी घोळ. परत बघितलं तर आणखी एक आकडा मी १ वाचलेला तो ७ होता. तो दुपटीच्या जागेवर नव्हता, म्हणजे सरळ ६ वाढले, ३ ला ६७ आणि ८ ला ६८. तरी नाही. शेवटी बायको म्हणाली तो ३ पण नाही आणि ८ पण नाही, ९ आहे, खालचं शेपूट तेलात गेलंय. ९ ची दुप्पट १८, म्हणजे ९. बेरीज ७०. बसला. शॉपमध्ये व्हर्नियर चुकीचा वाचणाऱ्या पोराला मी काय काय बोलतो ते आठवलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

दुपारी डुप्लिकेट सिम. आधार, आईचा अंगठा, गहाळचा दाखला. सिम चालू झालं तीन तासांत, फोन येतोय जातोय पण एसएमएस नाही. गॅलरीतला पोरगा म्हणाला चोवीस तास एसएमएस बंदच राहणार, सिम बदललं की तसा नियम आहे, दुसऱ्याच कुणी तुमच्या नावावर सिम काढून ओटीपी मारू नयेत म्हणून. नियम चांगला आहे. फक्त आज मला त्याच ओटीपीची गरज आहे.

मोबाईलच्या दुकानदारानं बिल काढून दिलं, आईचा नंबर टाकला की त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षांपूर्वीचं निघालं, १७,४९९ रुपये, वर दोन्ही आयएमईआय छापलेले. म्हणजे कालची रात्र सगळी वाया. असो, माझा हिशोब बरोबर होता हे तरी कळलं.

रात्री ९:४० ला लॅपटॉपवर ठिपका जिवंत झाला. इचलकरंजी! सिम बंद आहे म्हणजे कुणीतरी वायफायला जोडलाय, म्हणजे लॉक उघडलाय. तो एल.

ठाण्यात फोन केला. ते म्हणाले गहाळ आहे ना तुमचा? मग कुणाच्या दारात काय म्हणून जायचं आम्ही, गुन्हाच नाही तर? त्यात इचलकरंजी दुसऱ्या ठाण्याकडं. सकाळी या.

सकाळपर्यंत कोण थांबतोय. तालमीतले दोघं दोस्त गाडी काढून हजर, "चल भावा, जाऊन आणू, हाय काय त्यात." तीसेक किलोमीटर, पाऊण तासात पोचलो. ठिपक्याभोवती जो फिकट निळा गोल असतो ना, त्या गोलाला मी आजपर्यंत किंमत दिली नव्हती. त्या गोलात वीसेक घरं होती, एक तीन मजली इमारत, आणि खाली यंत्रमागाचा शेड. फोन वाजवायची सोय आहे त्यात, सायलेंटला असला तरी पाच मिनिटं पूर्ण आवाजात वाजतो, म्हणून ते बटण दाबलं आणि कान देऊन उभा राहिलो. यंत्रमाग चाललेत चोवीस. खटक खटक खटक खटक. त्यात फोन काय, बँडबाजा वाजला असता तरी कळला नसता.

एक आजोबा कट्ट्यावर बसलेले, त्यांनी विचारलं कोण पायजे? काय सांगणार. दोस्त म्हणाला पाहुणे शोधतोय. ते म्हणाले नाव काय पाहुण्याचं. तिथनं निघालो. परत येताना गाडीवर वडापाव खाल्ला आणि कुणीच फार बोललं नाही. आता लिहिताना वाटतंय बरंच झालं वाजला नाही, तिघंजण रात्री अकराला कुणाच्या दारात उभे राहून काय करणार होतो आम्ही? चुकीचं दार असतं तर मार आम्हीच खाल्ला असता, आणि बरोबर असतं तरी.

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी बघतो तर फाइंड हबच्या यादीतनं आईचा फोनच गायब. ऑफलाइन नव्हे, नावच नाही. माझा अंदाज: पॅटर्न माहीत होता म्हणून त्यानं सेटिंगमध्ये जाऊन व्यवस्थित रिसेट मारला. बाहेरनं बटणं दाबून रिसेट केला असता तर फोननं जुन्या गुगल खात्याचा पासवर्ड मागितला असता आणि अडून बसला असता. लॉक उघडून आतनं केला की बहुतेक फोन मुकाट्यानं नवा होतो. म्हणजे ठिपका कायमचा गेला. आता उरला तो फक्त आयएमईआय.

दुपारी एसएमएस सुरू झाले. संचार साथीच्या साइटवर सीईआयआर म्हणून भाग आहे, केंद्र सरकारचं फोनचं रजिस्टर, मे २०२३ पासनं देशभर सुरू आहे, महाराष्ट्रात त्याच्या आधीपासनं होतं. फॉर्म भरला: दोन्ही आयएमईआय, बिल, कुठं गेला, कधी गेला, जिल्हा, ठाणं, दाखल्याचा नंबर आणि दाखला, आईचं ओळखपत्र, ओटीपी. रिक्वेस्ट आयडी आला. तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला, फोनमध्ये नाही. शहाणपण उशिरा येतं पण येतं.

हे कसं चालतं ते आपल्या भाषेत: नंबर काळ्या यादीत गेला की भारतातल्या कुठल्याच कंपनीचं सिम त्या फोनमध्ये चालत नाही, चोवीस तासांच्या आत. आणि कुणी सिम घालून बघितलं की कुठलं सिम घातलं ते पोलिसांच्या लॉगिनला कळतं. म्हणजे पक्षी पिंजऱ्यात नाही, पण पंखाला घुंगरू बांधलंय.

२ ऑक्टोबर, दसरा

ब्लॉक झाल्याचा मेसेज आला. दसरा चौकात सोनं लुटायला गेलो, आई दरवर्षी फोटो काढायची, या वर्षी हात रिकामा. बचत गटाचा सगळा हिशोब ती वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवायची, गुगलच्या बॅकअपची १५ जीबी कधीच भरलेली आणि मला सांगितलेलं पण नाही. बारा बायकांचे आठ महिने. बायकोनं बरं सुचवलं, प्रत्येकीला दर महिन्याला फोटो पाठवलेला असणार, त्यांच्या फोनमधनं मागवा. नऊजणींकडं निघाले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

शॉप अर्धा दिवस बंद ठेवून ठाण्यात. ह्यावेळी कोऱ्या कागदावर अर्ज लिहून नेला, दोन प्रती. गहाळ नसून चोरी आहे, बसमध्ये पर्सची चेन उघडून नेला, इचलकरंजीत चालू झाल्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडला. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि सही मागितली. हा शिक्का मागितला की समोरच्याचा आवाज बदलतो, हे बँकेत, वीज ऑफिसात, सगळीकडं बघितलंय.

तरी एकजण म्हणालेच, दोन वर्षांचा फोन, आत्ता त्याला पाच हजार पण कोण देणार नाही.

हे साधं बोलणं वाटतं पण नाही. आत पीएसआय मॅडम होत्या, त्यांनी समजावलं. १ जुलै २०२४ पासनं आयपीसी जाऊन बीएनएस, म्हणजे भारतीय न्याय संहिता, आली, चोरी म्हणजे आता कलम ३०३(२), पहिल्यासारखीच तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पण माल पाच हजारांच्या आतला असेल, माणसाचा पहिलाच गुन्हा असेल आणि माल परत दिला असेल तर त्याला समाजसेवेची शिक्षा, आणि असलं प्रकरण अदखलपात्र धरतात, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत. म्हणजे किंमत किती लिहिता त्यावर बरंच अडतं. दुकानदाराचं ते १७,४९९ चं बिल पुढं केलं.

हद्दीचं पण त्यांनीच मिटवलं. बीएनएसएस, म्हणजे तपासाची आणि कोर्टाची रीत सांगणारा नवा कायदा, त्याच्या १७३ कलमात आता सरळ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घ्यायची, मग योग्य ठाण्याकडं पाठवायची. मी म्हटलं नाहीच घेतलं तर एसपींना पोस्टानं पाठवायचं पण त्यातच आहे ना. त्या हसल्या. "वाचून आलाय तुम्ही." मग आईला विचारत बसल्या, कुठल्या स्टॉपला शेवटचा हातात होता, मागं कोण उभं होतं, धक्का कधी लागला, आणि आईनं एवढं नीट सांगितलं की मला पण पहिल्यांदाच कळलं, एक पोरगं दोनदा "मावशी सरका जरा" म्हणालं होतं. पाच दिवस घरात कुणी तिला हे विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे ठिपका बघत होतो.

सही करायच्या आधी मॅडम म्हणाल्या, "एक सांगते, गुन्हा दाखल झाला की फोन सापडल्यावर तो मुद्देमाल. मी हातात देऊ शकत नाही, कोर्टातनं घ्यायला लागतो. गहाळमध्ये राहिला असता तर तसाच दिला असता. चालेल?"

मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "पाडला नाही म्हणून लिवा."

एफआयआरची प्रत फुकट मिळाली, ती फुकटच द्यायची असते.

४ ऑक्टोबर, शनिवार

घटनास्थळाचा पंचनामा. बस काय थांबवून ठेवलेली नाही, म्हणून स्टॉपचा केला. पंच म्हणून पानवाला आणि मी ज्याला ओढून आणला तो रिक्षावाला. वीस मिनिटं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आमच्या नात्यातल्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर फोनचा फोटो, माझा नंबर, "सापडल्यास संपर्क" असं फिरवलं होतं, चांगल्या मनानंच. आज फोन आला, पोलीस मुख्यालयातनं बोलतोय, तुमचा मोबाईल जप्त झालाय, पाठवायचा खर्च ८०० रुपये या नंबरवर टाका. हिंदीत. आयएमईआयचे शेवटचे चार आकडे सांगा म्हटलं तर शिवी देऊन ठेवला. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, कळवलं. फोनच्या शोधात उलट आपणच सापडायचो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

मध्ये काहीच नाही, दिवाळी झाली, शॉपला ऑर्डरी. आज भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आईच्या नंबरवर मेसेज: तुमच्या फोनचा माग लागलाय, पोलीस ठाण्याशी संपर्क करा.

लगेच गेलो. तांत्रिक काम बघणारा पोरगा, कॉन्स्टेबल, त्यानं लॉगिन करून बघितलं. सिम निपाणीकडचं, म्हणजे कर्नाटक. माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाला, "साहेब, रजिस्टर देशाचं आहे, कोगनोळीच्या टोलनाक्याला थांबत नाही." नंबर कुणाच्या नावावर ते मोबाईल कंपनीकडनं रीतसर मागवणार, मग फोन करणार. चहा पाजतो म्हटलं तर नको म्हणाला, त्याच्याकडं अशा फोनांची यादी होती, स्क्रोल करत गेला ते संपेना.

३ नोव्हेंबर, सोमवार

माणूस स्वतः आला. मी मनात एक चेहरा तयार करून ठेवला होता महिनाभर, तसलं काहीच नाही. ट्रॅक्टर चालवतो, ऊस वाहतूक, पायात स्लिपर, सोबत बायको आणि काखेत पोर. बाजाराच्या दिवशी कुणाकडनं तरी ४,५०० ला घेतला, बिल नाही, बॉक्स नाही. महिनाभर त्याला सिमचं नेटवर्कच येत नव्हतं, त्याला वाटलं गावात टॉवर खराब आहे. दुसरं सिम घालून बघितलं, तिसरं घालून बघितलं. दुसऱ्यांच्या हॉटस्पॉटवर चालवायचा. पोलिसांचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा त्याला वाटलं थट्टा करालेत.

पंचांसमोर फोन जप्त, दोन्ही आयएमईआय स्क्रीनवर काढून बिलाशी ताडून बघितले. माझा तो तेलातला ९ बरोबर. विकणाऱ्याचं वर्णन त्यानं सांगितलं, जबाब झाला, त्याला साक्षीदार केलं. मॅडम म्हणाल्या बिलाशिवाय फोन घेऊ नका, आणि घ्यायच्या आधी केवायएम आणि आयएमईआय असा मेसेज १४४२२ ला टाकला असता तर काळ्या यादीतला आहे हे तेव्हाच कळलं असतं. तो मान हलवत राहिला. त्याला तसला मेसेज कोण सांगणार होतं.

बाहेर तो माझ्याजवळ आला, म्हणाला, "दादा, माझे साडेचार हजार?" मी काय बोलणार. आई म्हणाली जेवून जावा. तो थांबला नाही, गाडी पकडायची होती. पोराच्या हातात आईनं लाडवाची पिशवी दिली.

रात्री बराच वेळ तेच डोक्यात. चोर सापडलाच नाही अजून, आणि पैसे गेले ते ह्याचे.

५ नोव्हेंबर, बुधवार

शेजारच्या वहिनींचा फोन गणपतीत गेलेला. त्यांनी गहाळच लिहिलं होतं, सीईआयआरमध्ये टाकलं होतं. आज पोलिसांनी बोलावून दहाबारा जणांचे फोन एकदम परत दिले, फोटो काढला, वहिनी हसत घरी. माझा फोन ठाण्याच्या मुद्देमाल कोठडीत, पाकिटात, लाखेच्या सीलमध्ये.

बायको काही बोलली नाही. तिनं नुसतं बघितलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

वकील. तालमीतल्या ओळखीचे म्हणून कमी फीमध्ये. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात भेटलो, तिथं सगळीकडं एकच विषय, १८ ऑगस्टपासनं कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, चाळीस वर्षं मागणी चाललेली, आता मुंबईला जायची गरज नाही. माझं काम सतरा हजारांच्या फोनचं, ते ऐकून एक सीनियर वकील म्हणाले ह्याला हायकोर्ट लागणार नाही, काळजी करू नका.

अर्ज बीएनएसएस कलम ५०३ खाली, जुन्या सीआरपीसीत तेच ४५७ होतं. सोबत बिल, एफआयआर, जप्ती पंचनाम्याची प्रत, आईचं प्रतिज्ञापत्र. वकिलांनी एक जुना निकाल पण जोडला, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य, सुप्रीम कोर्ट, २००२, त्यात म्हटलंय की जप्त केलेला माल ठाण्यात सडत ठेवू नका, फोटो पंचनामा करून, बाँड घेऊन लवकर परत द्या. मला वाटलं होतं गाड्यांसाठी असेल हे. ते म्हणाले, "सोनं, गाडी, फोन, सगळ्यांना एकच, ठाण्यातली धूळ सगळ्यांवर सारखीच बसते."

१७ नोव्हेंबर, सोमवार

तारीख. पोलिसांचं म्हणणं आलेलं नाही. पुढची तारीख.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मी स्वतः ठाण्यात जाऊन विचारलं, म्हणणं कुणाच्या टेबलावर आहे. त्याच कॉन्स्टेबलनं शोधून काढलं, सही राहिली होती. सही झाली. आरडाओरडा केला असता तर दहा दिवस गेले असते, हे मला शॉपनं शिकवलंय, प्लेटिंगवाल्याकडं अडकलेला माल शिव्या देऊन येत नाही, शेजारी जाऊन बसल्यावर येतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ऑर्डर झाली. पोलिसांची हरकत नाही. २० हजारांचा बाँड, फोन विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, त्यात बदल करायचा नाही, कोर्टानं मागितला की हजर करायचा. आईनं तीन ठिकाणी सह्या केल्या आणि विचारलं, "वापरायचा तरी का न्हाई?" वकील म्हणाले वापरा, रिसेट मारू नका आणि फोडू नका.

१ डिसेंबर, सोमवार

फोन ताब्यात. सील फोडलं, पावतीवर सही. काचेवर एक तडा आहे तो आधी नव्हता. मागच्या कव्हरात उसाच्या पाचटाचा एक तुकडा.

सीईआयआरवर परत जाऊन सापडल्याची नोंद केली, कॅलेंडरवरचा रिक्वेस्ट आयडी टाकून. कॅलेंडर आता शेवटच्या पानावर आलंय. अनब्लॉक व्हायची वाट.

खर्च, डायरीसाठी: वकील २,५००, स्टॅम्प, झेरॉक्स, नोटरी मिळून ४००, इचलकरंजीचं पेट्रोल आणि वडापाव ३५०, शॉप बंदचे साडेचार दिवस लिहीत नाही. फोनची आजची किंमत कुणी विचारू नका.

चोर अजून मोकळा. तपास चालू आहे, असं ठाण्यात सांगतात, आणि मॅडम सांगतात तेव्हा मला ते खरं वाटतं.

३ डिसेंबर, बुधवार

काल रात्री सिम घातलं, नेटवर्क आलं, चार काड्या. आईनं पहिला फोन मावशीला लावला आणि दहा मिनिटं फोन सापडल्याचं सोडून बाकी सगळं बोलली. पॅटर्न बदलला, आता सहा आकडी पिन, तो ती मलाही सांगत नाही. बचत गटाचा हिशोब मात्र परत वहीवर, फोटो काढते पण वही पहिली.

पहाटे साडेतीनला घरात अलार्म वाजला. मी धडपडत उठलो, आईच्या उशाशी फोन, स्क्रीनवर अलार्मचं नाव: "फडावर टोळी". त्या ट्रॅक्टरवाल्याचा, ऊसतोडीच्या कामाचा. कोठडीत फोन बंद होता म्हणून महिनाभर गप्प होता. म्हटलं दे बंद करतो. आई उठून बसलेली, केस बांधत होती. "ऱ्हाऊ दे," म्हणाली, "मी चारला उठतेच की."